प्रति: पारंपरिक औषधांना चाचण्यांची गरज आहे का?

‘शतकानुशतकांचा अनुभव हाच पुरावा, मग वेगळ्या चाचण्या कशाला?’ असा मुद्दा वर मांडला गेला आहे. त्याला सर्पगंधेचे उदाहरण जोडावेसे वाटते. या वनस्पतीचे मूळ परंपरेने सर्पदंशापासून उन्मादापर्यंत अनेक तक्रारींवर दिले जात असे. १९३१ मध्ये सेन आणि बोस या भारतीय डॉक्टरांनी तिच्या रक्तदाब उतरवण्याच्या गुणाची नोंद केली, तर १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली, आणि तेव्हा कुठे पाश्चात्त्य वैद्यकाचे तिच्याकडे खऱ्या अर्थाने लक्ष गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढण्यात आले.

म्हणजे अनुभवाने दिशा दाखवली, हे मान्यच. पण उन्मादावरील आणि सर्पदंशावरील दावे एकाच परंपरेतून आले होते, आणि त्यांपैकी दुसरा टिकला नाही, हे केवळ परंपरेकडे पाहून कळले नसते. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये नैराश्य दिसते, ही नोंददेखील मात्रा ठरवून दिल्यावर आणि रुग्णांचा पाठपुरावा केल्यावरच पुढे आली. (त्या नोंदींचा अर्थ काय लावावा, यावर वाद आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.)

चर्चेत एक बाजू मात्र राहून गेली आहे. सर्पगंधेचे औषध तिच्या मुळांमध्येच असल्याने ते काढताना झाड उपटले जाते, आणि मागणी वाढताच सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रण आणावे लागले. औषधाचा अभ्यास करणाऱ्याने मूळ खणणाऱ्यांचाही अभ्यास करावा, असे माझे मत त्यामुळेच आहे.