निळ्या प्रकाशाच्या दुर्बिणीसाठी मुंबई गाठावी का?

प्रश्न (अमळनेर)
आमचे आबा ६४ वर्षांचे असून त्यांना चाळीस वर्षे विडीची सवय होती. तीन महिन्यांपासून खोकला आहे, दोनदा थुंकीत रक्त आले. क्षयाच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या आणि सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही, तरी धुळ्याच्या डॉक्टरांनी ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) सांगितली आहे. मेहुण्यांच्या मते साध्या दुर्बिणीत सुरुवातीचा कर्करोग निसटतो, म्हणून मुंबईत निळ्या प्रकाशाची तपासणी करावी. त्यात तथ्य आहे का?

उत्तर १ (जळगाव, एंडोस्कोपी तंत्रज्ञ)
तथ्य आहे, पण अर्धेच. ऑटोफ्लुरोसन्स ब्रॉन्कोस्कोपीत श्वासनलिकेवर निळा-जांभळा प्रकाश टाकला की अस्तराखालच्या कोलॅजन आणि इलॅस्टिनमुळे निरोगी भाग हिरवा चमकतो, आणि जिथे पेशी बिघडून अस्तर जाड झाले असेल तिथे ती हिरवी चमक विझून तपकिरी-लालसर डाग उमटतो. पांढऱ्या प्रकाशात हाच डाग नुसता किंचित खरखरीत वाटतो आणि सहज नजरेआड होतो. अडचण अशी की विडीच्या धुराने सुजलेले अस्तरही तसेच लाल दिसते, म्हणून खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण बरेच असते. नॅरो बँड इमेजिंग या दुसऱ्या पद्धतीत ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा प्रकाश रक्तवाहिन्या ठळक करतो. तरीही निर्णय अस्तराचा तुकडा काढून तपासूनच होतो. शिवाय दुर्बीण जिथवर पोचते तिथवरच ही नजर. फुप्फुसाच्या कडेची गाठ सीटीलाच सापडते.

उत्तर २ (भुसावळ)
ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी हा प्रकारही आहे. त्यात अवरक्त प्रकाशाने अस्तराचे दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंतचे, कापून पाहिल्यासारखे चित्र दिसते. मात्र नेहमीच्या तपासणीत ती क्वचितच वापरतात. माझ्या मामांची साधी ब्रॉन्कोस्कोपी झाली तेव्हा घशात बधिरतेचा फवारा मारल्यावर त्यांना गिळताच येईना, आणि पुढचे दोन तास पाण्याचा घोटही दिला नव्हता. आबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतील.

उत्तर ३ (जळगाव, एंडोस्कोपी तंत्रज्ञ)
एक राहिले. रक्त पडत असताना खास यंत्रासाठी तारखा पुढे ढकलू नका. धुळ्यालाच तपासणी करून घ्या आणि संशयास्पद जागेचा तुकडा घेणार का, हे आधी विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच कळवा.

प्रश्नकर्ता (अमळनेर)
आबांना ती गोळी चालू आहे, हे आमच्या ध्यानातच नव्हते. आत्ताच दवाखान्यात फोन करतो.