मदत हवी आहे: माझं ऑफिस बीकेसीत, नवऱ्याचं ऐरोलीत. बिऱ्हाड कुठे करावं?

नमस्कार मंडळी,

नाशिकहून मुंबईकडे बिऱ्हाड हलवतोय. घर कुठे बघायचं यावर तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की बोलणं सुरू होतं आणि ठाणे की मुलुंड इथे येऊन अडतं. इथे मध्य रेल्वेने रोज जाणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. जरा लांबेल, पण माहिती अर्धी दिली तर सल्लाही अर्धाच मिळेल.

आम्ही चौघं. मी बँकेत आहे. बदली बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसात झालीय, साडेनऊला जागेवर असावं लागतं, पाचही दिवस. नवऱ्याला नवी मुंबईतल्या ऐरोलीत नोकरी मिळालीय, ऑफिस स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. त्याला आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल, बाकी घरून काम. मुलगी जूनमध्ये तिसरीत जाईल. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण रोज सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भाडं ४५,००० पर्यंत झेपेल. टू बीएचके हवा, कारण सासूबाईंना त्यांची वेगळी खोली हवी. लिफ्ट तर हवीच.

नातेवाइकांचं पहिलं उत्तर एकच: ऐरोलीतच घ्या. रस्ते रुंद, सेक्टर नीट आखलेले, त्याच भाड्यात घर मोठं मिळतं. हे सगळं खरं आहे, मी बघून आलेय. पण मग मी ऐरोलीहून ठाण्याला जायचं, तिथे गाडी बदलून कुर्ल्याला यायचं आणि पुढे रिक्षा. एका रात्री कागद घेऊन बसले. नवऱ्याच्या आठवड्याला सहा खेपा, माझ्या दहा. मग घर कुणाच्या बाजूला झुकायला हवं? तो कागद पाहिला आणि नवराच म्हणाला की ऐरोलीचा विषय संपला. हे मुद्दाम लिहितेय, कारण दोघं नोकरी करत असले तरी घर त्याच्या ऑफिसजवळ आणि तिने ‘जमवून घ्यायचं’ असंच धरून चालतात. आमच्याकडेही सुरुवात तशीच झाली होती.

दुसरी गोष्ट, मला नुसतं रात्री पाठ टेकायला घर नको आहे. नाशिकला आम्ही सार्वजनिक वाचनालयाचे सभासद आहोत. ते १८४० सालचं, सासऱ्यांच्या वेळचं कार्ड अजून घरात आहे. शनिवारी लेकीला घेऊन पुस्तकं बदलायला जायचं, येताना भाजी घ्यायची, महिन्यातून एखादं नाटक बघायचं. मुंबईत राहायचं आणि हे सगळं सोडून द्यायचं, तर मग कशासाठी जायचं असं वाटतं. गेटबंद संकुलात पोहण्याचा तलाव असतो, पण दूध संपलं तरी गाडी काढावी लागते, तसं नको. सासूबाईंना खाली उतरून कुणाशी तरी मराठीत दोन शब्द बोलता यावेत, हेही माझ्या लेखी मोठं आहे.

मागच्या बुधवारी ठाण्याला मामेबहिणीकडे राहून प्रवास करून पाहिला. ८.१० ला स्टेशनवर होते. समोर आलेल्या पहिल्या फास्ट गाडीच्या बायकांच्या डब्यात शिरले. शिरले म्हणजे मागच्यांनीच आत नेलं. आत गेल्यावर बसलेल्या प्रत्येकीला विचारलं जात होतं, ‘कुठे उतरणार?’ आणि जागेवर आधीच कुणाचा तरी नंबर लागलेला. मला वाटलं मीही विचारावं, तेवढ्यात शेजारची म्हणाली, ‘कुर्ला ना? मग आतच जाऊ नका, आत्तापासून दाराच्या रांगेत उभ्या राहा.’ तिने माझी पर्स पाठीवरून पुढे घ्यायला लावली, घाटकोपर गेल्यावर खांद्याला हात लावून मला दोन पावलं पुढे सरकवलं. त्या बाईंचं नावही विचारायचं राहिलं. कुर्ल्याला उतरून पूल चढून पश्चिमेला आले, शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहिले आणि ऑफिसच्या दारात पोचले तेव्हा ९.३५ झाले होते. मी घड्याळ लावून पाहिलं: गाडीत वीस-बावीस मिनिटं गेली, बाकी सगळा वेळ पूल, रांग आणि रिक्षात. म्हणजे स्टेशनं किती लांब हा प्रश्नच नाही, कुर्ल्यानंतरचा तुकडा कसा पार करायचा हा आहे.

आता जागांबद्दल. ठाण्यात नौपाडा-घंटाळी भाग मनात भरला. गोखले रोड, राम मारुती रोड, मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन, सगळं पायाखाली. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे हे कळल्यावर तर तिथेच घर शोधावंसं वाटलं. पण इमारती जुन्या, बऱ्याचशा तीन मजली, बिनलिफ्टच्या. मुलुंड पूर्वेला लिफ्टची घरं जास्त दिसली आणि स्टेशनही जवळ. घाटकोपर माझ्यासाठी सोयीचं, पण आमच्या भाड्यात जे दोन फ्लॅट पाहिले त्यात सासूबाईंच्या खोलीला खिडकीच नव्हती. चेंबूर फार आवडलं, झाडं आहेत, बीकेसी रस्त्याने जवळ. पण नवऱ्याला हार्बरने वाशी आणि तिथून उलटं ऐरोली असा मोठा वळसा पडतो. घोडबंदर रोडला एजंट फार आग्रहाने नेत होता, ‘मेट्रो आली की बघा’ म्हणून. येणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर आजचं भाडं भरायचं नाही, एवढं आम्ही ठरवलंय.

तर विचारायचं ते असं: कुर्ला ते बीकेसी हा तुकडा तुम्ही रोज कसा करता? पावसाळ्यात काय करता? नौपाडा की मुलुंड पूर्व, यात सासूबाई आणि लेक धरून तुम्ही काय निवडाल? घर एप्रिलअखेर हवंय, म्हणजे शाळेचं बघता येईल. सेमी-इंग्रजी मराठी शाळेलाच घालायचंय.

*

मुलुंडकर:

ताई, मुलुंड पूर्वेला २२ वर्षं राहतोय, त्यामुळे माझं माप थोडं झुकतं असणार, ते धरूनच वाचा.

तुमच्या यजमानांना इथून दोन रस्ते आहेत. एक, गाडीने एक स्टेशन मागे ठाण्याला आणि तिथून ट्रान्स हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल: दिघा गाव आणि मग ऐरोली. दुसरा, ऐरोलीच्या पुलावरून. बेस्टच्या आणि एनएमएमटीच्या (नवी मुंबईच्या) बस आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोलही बंद झालाय, त्यामुळे आमच्या सोसायटीतले चौघं जण एका गाडीतून ऐरोलीला जातात, पेट्रोल वाटून घेतात. तीन दिवसांसाठी हे उत्तम.

तुमच्यासाठी मुलुंडहून धीमी गाडी. सकाळी बसायला मिळेल अशी आशा धरू नका, पण नीट उभं राहता येतं. कुर्ल्याच्या आधी मधे सहा स्टेशनं. नाटकाला पश्चिमेला कालिदास आहे, महाराष्ट्र सेवा संघाचे कार्यक्रम आहेत. मात्र त्यासाठी पूर्व-पश्चिम ओलांडावं लागतं, आणि आईंच्या गुडघ्यांना रेल्वेचा पूल म्हणजे शिक्षाच.

*

ठाणे ते बीकेसी, अकरा वर्षं:

अगं, पहिली गोष्ट म्हणजे तू फास्ट पकडलीस तिथेच चुकलीस. ती कल्याणकडून भरून येते. ठाण्याहून सुटणारी धीमी पकड. दहा मिनिटं आधी फलाटावर ये, बसायला मिळतं. कुर्ल्याला फास्टपेक्षा दहाएक मिनिटं उशिरा पोचशील, पण बसून. मी अकरा वर्षांत किती पुस्तकं वाचली त्या गाडीत! संध्याकाळचं मात्र वेगळं. येताना कुर्ल्याला बसायला मिळत नाही, ते मनाशी धरूनच चाल.

कुर्ल्याला उतरण्याआधी डबा निवड. पश्चिमेकडचा पूल ज्या डब्यासमोर येतो तिथेच चढायचं. आठवडाभरात कळेल. पूल गर्दीच्या पुढे चढलीस तर रिक्षाच्या रांगेत तुझ्यापुढे दहा माणसं असतील, मागे राहिलीस तर पन्नास. साडेनऊला जागेवर पोचायचं तर ठाण्याहून आठच्या आतली गाडी हवी.

पावसाळ्याचं वेगळं. कुर्ला-सायनच्या पट्ट्यात पाणी भरलं की आपली लाइन अडते, आणि मिठी नदी बीकेसीच्या कडेनेच जाते. त्या दिवशी घाटकोपरला उतर, मेट्रो एकने चौथं स्टेशन मरोळ नाका, तिथे मेट्रो तीनमध्ये बदल, थेट बीकेसी. लांबचा फेरा आहे, घाटकोपरच्या मेट्रोला सकाळी रांगही मोठी असते, म्हणून रोज नको. पण रस्ता माहीत असू दे. एकदा कोरड्या दिवशी जाऊन ये, म्हणजे पावसात गडबड होणार नाही.

आणि नौपाड्यातून नवऱ्याला एक गोष्ट सांग: ट्रान्स हार्बर सुटते नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून, म्हणजे पार पूर्वेच्या टोकाला. पश्चिमेकडून येऊन सगळा पूल ओलांडायचा. घरातून निघताना ती दहा मिनिटं धरायची. सकाळी त्या गाडीलाही भरपूर गर्दी असते, रबाळे-घणसोलीपर्यंतची ऑफिसं सगळी त्यावरच आहेत.

*

दादरचा रहिवासी:

वहिनी, दादरचा विचार केला का? मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, त्यामुळे दादरहून शितलादेवी, धारावी आणि तिसरं स्टेशन बीकेसी. कुर्ल्याचा प्रश्नच मिटला. तुमचे यजमान सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेने ठाण्याकडे जातील. शिवाजी पार्कचा कट्टा आईंना आवडेल. पण ४५,००० मध्ये इथे टू बीएचके मिळणार नाही, वन बीएचकेवर भागवावं लागेल.

घर कुठेही घ्या, दोन गोष्टी विसरू नका. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करूनच घ्या, नुसत्या नोटरीवर थांबू नका. आपल्याकडे भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे. आणि जुन्या भागात घर घेताना सोसायटीच्या सेक्रेटरींना थेट विचारा की रीडेव्हलपमेंट कुठवर आलंय. ठाणे, मुलुंड, दादर, सगळीकडे हेच चाललंय. माझ्या पुतण्याने नौपाड्यात घर घेतलं आणि सहाव्या महिन्यात इमारत रिकामी करायला सांगितली. लेकीची शाळा सुरू असताना पुन्हा घर शोधत फिरला बिचारा.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, दादरचा मोह खूप होतो, पण सासूबाईंची खोली काढून घ्यायची नाही. रीडेव्हलपमेंटचं तर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या दोन घरांचं बोलणं चालू होतं तिथे फोन केला. एका ठिकाणी विकासक आधीच ठरलाय. एजंटने याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

मंगळवारी रजा काढून पुन्हा आले, या वेळी सासूबाईंना आणि लेकीला घेऊन. सकाळी मी एकटी निघाले. ठाण्याहून सुटणारी ७.५२ ची धीमी. खिडकीजवळ नाही, पण बसायला मिळालं. डबा तीनदा बदलून पुलासमोरचा सापडला. रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे चौदा जण होते, मोजले. ९.१२ ला ऑफिसच्या दारात. दुसऱ्या दिवशी मुलुंडहून केलं, तेव्हा ९.०८. चार मिनिटांचा फरक, पण मुलुंडहून पूर्ण वेळ उभी होते.

संध्याकाळी सासूबाईंना मासुंदा तलावावर नेलं. एक फेरी मारून त्या बाकावर टेकल्या. शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, ‘कुठल्या तुम्ही?’ नाशिक म्हटल्यावर त्या म्हणाल्या माझं माहेर पंचवटी. मग मला आणि लेकीला तासभर कुणी विचारलं नाही. निघताना सासूबाईंनी त्यांना पुढच्या महिन्यात भेटू म्हणून सांगूनही टाकलं.

तर नौपाडा किंवा घंटाळी, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत, असं नक्की केलंय. आता एवढीच मदत हवी: लिफ्ट असलेली आणि रीडेव्हलपमेंट होऊन गेलेली किंवा निदान दोन-तीन वर्षं ज्यांचा विषयच नाही अशी इमारत कुणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. दुसरा-तिसरा मजला चालेल, पश्चिमेचं ऊनही चालेल. आणि त्या भागात ज्यांची मुलं सेमी-इंग्रजी शाळेत आहेत त्यांनी तिसरीच्या प्रवेशासाठी केव्हा आणि कुणाला भेटावं हे सांगितलं तर बरं होईल. शनिवार-रविवार मी ठाण्यातच असते.