मदत हवी आहे: डिस्नेची स्वस्त तिकिटं, मुदत कशी तपासायची?

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं फोंड्याहून ऑर्लँडोला मेहुणीकडे निघालोय. म्हापशातला एक एजंट डिस्ने वर्ल्डची चार दिवसांची तिकिटं बरीच स्वस्तात देतोय. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत बारकोड ठसठशीत, पण मुदतीची ओळ नेमकी त्याच्या अंगठ्याखाली! २०१८ पासून तिथली तिकिटं सहसा तारखेला बांधलेली असतात, आणि चार दिवसांचं तिकीट सुरुवातीच्या तारखेपासून ७ दिवसांत वापरावं लागतं, एवढं ठाऊक आहे. एकाने अर्धवट वापरलेलं दुसऱ्याला चालत नाही, हेही. एजंटाचं एकच, 'भिवपाची गरज ना' (घाबरायची गरज नाही). तेच ऐकून मला जास्त धाकधूक. पैसे देण्याआधी तिकिटाचा नंबर मागून मुदत पडताळता येते का? की डिस्नेच्या ॲपमध्ये नंबर घातला की तिकीट माझ्याच नावावर अडकणार? कुणी असं घेतलं असेल तर कृपया सांगा, शुक्रवारपर्यंत त्याला कळवायचंय.