मदत हवी आहे: दाखल मुलांमध्ये कुपोषणाचा धोका कोणत्या पद्धतीने तपासता?

नमस्कार. मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची कुपोषणाच्या धोक्यासाठी तपासणी करायचं आमच्याकडे ठरलंय, पण पद्धत ठरत नाहीये.

स्ट्राँगकिड्स या तपासणी-पद्धतीत चारच प्रश्न आहेत: मूल खंगलेलं दिसतंय का, मूळ आजार जास्त धोक्याचा आहे का, खाणं कमी झालंय किंवा उलट्या-जुलाब आहेत का, वजन घटलंय किंवा वाढायचं थांबलंय का. आजाराला २ गुण, बाकीच्यांना प्रत्येकी १, आणि ४-५ झाले की धोका जास्त. गर्दीच्या पाळीतही पटकन होतं. पण ‘खंगलेलं’ कोणाला म्हणायचं, यावर दोन सिस्टरांचं एकमत होत नाही. पीवायएमएस या दुसऱ्या गुण-पद्धतीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) लागतो, म्हणजे उंची हवीच. शिवाय ती पद्धत एक वर्षाखालच्या बाळांसाठी नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पोटात पाणी झालेल्या यकृताच्या मुलांची. वजन वयाला साजेसं भरतं, फाईलवर सगळं ठीक दिसतं, आणि बाही वर सारली की दंडावर मांसच नसतं. उलट जुलाबाने सुकलेलं मूल सलाईन चढल्यावर काट्यावर वाढलेलं दिसतं, पण ते नुसतं पाणी असतं. म्हणून दंडाचा घेर प्रत्येकाचा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पण तीव्र कुपोषण ओळखायची ११.५ सेंमीची मर्यादा ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी आहे. त्याहून मोठ्यांना तुम्ही कोणते आकडे लावता?

पायाला प्लास्टर असलेल्या किंवा सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसलेल्या) मुलांची उंची कशी काढता? गुडघ्याखालची लांबी मोजून अंदाज कोणी घेतं का?

आणखी एक. दाखल होताना १ गुण असलेलं मूल कधी सोनोग्राफीसाठी, कधी भूल द्यायची म्हणून वारंवार उपाशी राहतं. ते दाखल करतानाच्या गुणांत कुठे दिसणार? दर आठवड्याला पुन्हा तपासणी व्हायला हवी असं मला वाटतं. तुमच्याकडे ती कोण करतं? ताटातलं किती संपलं याची नोंद आई ठेवते की सिस्टर?

गुण जास्त आले आणि आहारतज्ज्ञ सुट्टीवर असतील, तर त्या दिवशी तुम्ही स्वतः काय सुरू करता, तेही कृपया लिहा. वॉर्डात काम करणाऱ्यांचा अनुभव हवा आहे.