बटेरच्या खाद्यात शेवगा-हळद: फायदा की मनाचं समाधान?

समुद्रपूरचा पक्षीवाला
माझ्याकडे अंड्यांसाठी पाळलेल्या 500 जपानी बटेर माद्या आहेत. (गावात अजून लोकांना रानातले तितर-लावाच वाटतात, फॉरेस्टवाले धरतील म्हणून विचारतात!) मे महिन्यात अंडी रोजच्या चारशेवरून अडीचशेवर आली. औषधवाल्यानं लिव्हर टॉनिकची बाटली अन् पाण्यातून द्यायची अँटिबायोटिकची पुडी काढून दिली. मी दोन्ही परत केल्या. बांधावरच्या शेवग्याचा पाला सावलीत वाळवून कुटला, शंभर किलो खाद्याला पाच किलो. वर अर्धा किलो आमची वायगावची हळद. जून संपता संपता अंडी परत चारशेवर. माझं म्हणणं एवढंच, की बाटल्या बंद करा, पाला द्या.

दर्यापूरची पशुवैद्यक
दादा, अभिनंदन, पण मेमध्ये तुमच्याकडे पारा कितीवर होता? पक्ष्याला घाम येत नाही, तो धापा टाकतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं, खाणंही घटतं. पाऊस पडला, गारवा आला, खाणं वाढलं, अंडी आली. अर्धे पक्षी साध्या खाद्यावर ठेवले होते का? नसतील तर श्रेय पाल्याला दिलं तसं मृगालाही द्या.

घाटंजीचा किसना
ताई खरं बोलल्या. मी गेल्या साली लिंबाचा पाला कुटून घातला होता, कोणीतरी सांगतलं म्हणून. पक्ष्यायनं तोंडच फिरवलं. कडू हाय ना राजेहो! तीन दिवस खाद्य जसंच्या तसं, अंडे अर्ध्यावर. झाडपाला म्हटलं की सारं चांगलं, हे कोण ठरवलं?

समुद्रपूरचा पक्षीवाला
किसनाभाऊ, कडुलिंब अन् शेवगा एकाच पारड्यात नका टाकू. शेवग्याच्या वाळल्या पाल्यात पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. अन् वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा गुणकारी घटक, साध्या हळदीच्या जवळपास दुप्पट.

दर्यापूरची पशुवैद्यक
करक्युमिन कितीही असो, आतड्यातून रक्तात फार थोडं जातं. शेवग्यात प्रथिनं आहेत, मान्य, पण त्यासोबत तंतू म्हणजे चोथाही येतो आणि ऊर्जा कमी होते. बटेर दिवसाला जेमतेम पंचवीस ग्रॅम खातं, एवढ्याशा पोटात तंतू भरला तर बाकीचं कुठं जाणार? मेथिओनिन हा प्रथिनातला गरजेचा घटक कमी पडला की अंडं लहान होतं. बलक पिवळाधमक दिसतो हे खरं. गिऱ्हाइकाला आवडतो, पण रंग म्हणजे तब्येत नव्हे.

आर्वीवाली बचतगटाची
तुमची तब्येत, रंग राहू द्या, कष्टाचा हिशेब कोणी मांडला का? 500 पक्षी दिवसाला साडेबारा किलो खातात. पाच टक्के म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम सुका पाला, त्यासाठी रोज तीन किलो ओला पाला तोडायचा. आमच्या गटात ते काम बायांवरच आलं. पंधरा दिवसांत कंटाळल्या. पावसाळ्यात पाला वाळत नाही, बुरशी धरतो, ते वेगळंच. पण दादांचं एक पटलं, पुडी नकोच. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक 2019 मध्ये सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरता बंद केलं ते उगाच नाही.

समुद्रपूरचा पक्षीवाला
ताई, बुरशीचं माझ्या ध्यानात नव्हतं. खरं आहे, आठवड्यापूर्वीची एक गोणी वास मारत होती, फेकली. आता 50-50 माद्यांचे दोन पिंजरे करतो. एकीकडे पाला, एकीकडे नाही. हळद दोन्हीकडे राहील, ती मी काढणार नाही.

दर्यापूरची पशुवैद्यक
मग तर उत्तमच! एका वेळी एकच बदल. सहा आठवडे ठेवा, अंड्यांसोबत वजन आणि उरलेलं खाद्यही मोजा. दोन्हीकडे दिवा सारखाच, चौदा ते सोळा तास. पाल्यावाला पिंजरा खिडकीजवळ ठेवू नका बरं का.

घाटंजीचा किसना
श्रावण लागला, अंडे घेते कोण? मोजायले फुरसतच फुरसत हाय. मीबी मांडतो दोन पिंजरे, पण लिंब नाई.