परसबागेतला मोथा हटत नाही, काळ्या मातीत काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो. घरामागे आईने सांबार (कोथिंबीर), पालक, वांगी लावली आहेत. माती काळी, भारी. दर पावसाळ्यात मोथा (लव्हाळा) एवढा माजतो की सांबाराची कोवळी रोपं त्यात दिसेनाशी होतात. निंदण करून आठवडा होत नाही तोच पुन्हा हिरवंगार.

उपटला तर पात तेवढी हातात येते, गाठ खालीच राहते. सब्बलने खोल खणून पाहिलं, तर काळ्या गाठी बारीक मुळाने एकमेकींना जोडलेल्या, माळेत ओवल्यासारख्या. एक फोडली, आतून पांढरी आणि उटण्याचा वास. माळ तुटली की प्रत्येक गाठ वेगळी फुटते, म्हणून वरवर खुरपायलाही आता भीती वाटते.

गाजरगवतही आहे, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून बी उडत येतं. पण ते फुलावर यायच्या आत हातमोजे घालून मुळासकट उपटलं की आटोक्यात राहतं, शिवाय पावसाळ्यात मेक्सिकन भुंगे पानं खातात. खरा त्रास मोथ्याचाच.

तणनाशक कृपया सुचवू नका. ग्लायफोसेट पडेल त्या हिरव्याला मारतं, आणि इथली भाजी थेट आमच्या ताटात येते. आईचा त्याला ठाम नकार आहे, माझाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्याचा उपयोग करायचा विचार आहे. वाफे भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवलं की वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, हे माहीत आहे. पण मोथ्याच्या खोल गाठींपर्यंत ती उष्णता पोचते का? काळ्या मातीत कोणी करून पाहिलंय? की त्यापेक्षा मार्चमध्येच, माती दगडासारखी व्हायच्या आत, खोल खणून गाठी उन्हात वाळवणं बरं? काळं प्लास्टिक तर मोथ्याचा टोकदार कोंब सरळ भोसकून वर येतो.

मोथ्याला सावली सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात एका वाफ्यात रताळ्याचे वेल दाट पसरवावे असंही मनात आहे. आपल्याकडे, विदर्भात, कोणाला याचा गुण आला असेल तर लागवड कधी आणि किती दाट केली ते सांगा.

आणि एक, काढलेल्या गाठी पूर्ण वाळल्यावर कंपोस्टमध्ये टाकल्या तर चालतील का? सध्या त्या गच्चीवर वेगळ्या ठेवल्या आहेत.