‘गॉड’, ‘डेव्हिल’, ‘इम्मॉर्टल’ : भित्तिपत्रकावर काय छापायचं?

सोलापूर_वाचनकट्टा
इथल्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी ‘इंग्रजीतले देव आणि अमर’ असा तक्ता करतोय. फिरत्या मेसेजांतून जमलेल्या नोंदी : ‘गॉड’ हा ‘गुड’वरून, नाहीतर ‘खुदा’वरून, ‘डेव्हिल’ म्हणजे बिघडलेला ‘देव’, ‘डीइटी’ आणि ‘थिऑलॉजी’ दोन्ही ‘देव’चे नातेवाईक, ‘अँब्रोशिया’ म्हणजे अमृत. यातलं काय ठेवू? शाळकरी मुलांना पटेल असं कारणही हवंय.

निरुक्तवाला
‘डीइटी’ ठेवा, ‘अँब्रोशिया’ ठेवा, बाकीचं खोडा.

कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे. ध्वनी नेमाने बदलतात. संस्कृतातल्या ‘द’च्या जागी इंग्रजीच्या घरच्या शब्दांत ‘ट’ येतो : दश–टेन, द्वि–टू, दंत–टूथ. म्हणजे ‘देव’ वारशाने इंग्रजीत उतरला असेल तर तो ‘ट’ने सुरू व्हायला हवा. आणि तसाच उतरलाय : टीव हा जुना जर्मानिक देव, त्याचा वार ट्यूजडे. रोमन लोकांकडे तो मार्सचा वार, आपल्याकडे मंगळाचा. तक्त्यात हे सर्वांत वर टाका.

मग ‘डीइटी’, ‘डिव्हाइन’मध्ये ‘ड’ कसा राहिला? ते लॅटिन ‘देउस’च्या घरातून फ्रेंचमार्गे आलेले उसने शब्द. सोलापुरात हे समजवायला लांब जायला नको. तेलुगूतला ‘देवुडु’ आणि कन्नडमधला ‘देवरु’ संस्कृतातून उसने घेतलेले, म्हणून लगेच ओळखू येतात.

‘डेव्हिल’ ग्रीक ‘दियाबोलोस’पासून. ‘दिया’ म्हणजे आरपार, ‘बाल्लो’ म्हणजे मी फेकतो. मिळून अर्थ झाला किटाळ घेणारा, चहाडखोर. देवाचा त्यात काही संबंध नाही.

‘गॉड’च्या ‘ग’समोर संस्कृतात ‘ह’ येतो, जसा हंस–गूज. त्यामुळे दोन धातू पुढे येतात : ‘हु’, आहुती देणे, किंवा ‘ह्वे’, हाक मारणे. दुसरा धरला तर गॉड म्हणजे ‘हूत’, ज्याला बोलावलं तो. इंद्राचं ‘पुरुहूत’ हे विशेषण याच धातूचं. अभ्यासकांत निकाल लागलेला नाही, तेव्हा दोन्ही ‘किंवा’ घालून छापा. ‘गुड’चा स्वर जुन्या इंग्रजीत दीर्घ, ‘गॉड’चा ऱ्हस्व, मूळही वेगळं. ‘खुदा’ मध्ययुगीन फारसीत ‘ख्वदाय’, म्हणजे धनी. त्यातला ‘ख्व’ हा आपल्या ‘स्व’चा भाऊ, तो ‘ग’शी जुळत नाही.

आंबा_तांबं
अँब्रोशियाबद्दल. अमृत म्हणजे ‘अ’ अधिक ‘मृत’. त्याचंच ग्रीक भावंड ‘अँब्रोतोस’, आणि त्यावरून अँब्रोशिया. मधला ‘ब’ कुठून आला हे मुलांना मराठीतूनच दाखवा : आम्र–आंबा, ताम्र–तांबं. ‘म’वरून ‘र’वर जाताना मिटलेले ओठ उघडतात आणि ‘ब’ निसटतो. मुलांना मोठ्याने म्हणायला लावा, तक्ता वाचायची गरज उरणार नाही.

शब्दाच्या सुरुवातीला मात्र ग्रीकमध्ये ‘म’ गळून नुसता ‘ब’ राहिला : ‘ब्रोतोस’, म्हणजे मर्त्य. लॅटिनमध्ये ‘म’ टिकला, तिथून ‘मॉर्टल’ आणि ‘इम्मॉर्टल’. ‘इम्’ आणि आपला नकारार्थी ‘अ’ एकाच मुळाचे. ‘मर्डर’ही याच ‘मृ’चा.

फक्त ‘अँब्रोशिया म्हणजे अमृत’ असं बरोबरीचं चिन्ह घालू नका. होमरच्या काव्यात अँब्रोशिया बहुधा देवांचं खाणं, पिणं नेक्टरचं. ‘एकाच कुळातले शब्द’ असं लिहा.

निरुक्तवाला
‘थिऑलॉजी’ राहिलंच. ग्रीक ‘थ’समोर संस्कृतात ‘ध’ येतो (थ्यूमोस–धूम), ‘द’ नव्हे. म्हणून ‘थेओस’ देवाच्या घरचा नाही. ग्रीकांकडे त्या घरचा आहे झ्यूस, षष्ठीत ‘दिओस’. आपला ‘द्यौः’ तोच, आणि ज्युपिटर म्हणजे ‘द्यौष्पितर’. ‘थेओस’वरून झालेला मजेदार शब्द ‘एन्थूझिअ‍ॅझम’ : आत देव असणे. मराठीत सरळ ‘अंगात येणे’.

सोलापूर_वाचनकट्टा
‘एंजल’ घेऊ का? आणि राजगिऱ्याच्या ‘अ‍ॅमरँथस’मध्ये ‘अमर’ आहे म्हणतात.

आंबा_तांबं
एंजल घ्या. ग्रीक ‘अँगेलोस’, म्हणजे निरोप्या, जासूद. हिब्रूतल्या त्याच अर्थाच्या शब्दाचं ते भाषांतर होतं, देवपण नंतर चिकटलं.

राजगिऱ्याचं नाव ‘अमारान्तोस’वरून, म्हणजे न कोमेजणारं. शेवटचा ‘थ’ हा ‘अँथोस’, म्हणजे फूल, या शब्दाशी झालेल्या घोळातून आलाय. ‘अमर’ अधिक ‘अँथोस’ अशी फोड छापू नका.